तिघा भावांच्या बारीची गाडी

वेरूळ नाही, अजिंठा नाही, बीबीचा मकबराही नाही. छत्रपती संभाजीनगरला जाऊन आले आणि यातलं काहीच बघितलं नाही म्हटल्यावर गडहिंग्लजमधल्या माझ्या मैत्रिणींनी कपाळाला हात लावला. ‘मग इतक्या लांब जाऊन बघितलंस तरी काय?’ असं प्रत्येकीनं विचारलं. मी एक घर बघायला गेले होते आणि घराआधी एक गाडी बघून आले. त्या गाडीचीच ही हकिगत. लेणी कुठं पळून जात नाहीत, ती पुन्हा कधीतरी.

घर बघायचं होतं ते प्राजक्तासाठी. प्राजक्ता माझी भाची. माझा धाकटा भाऊ ती शाळेत असतानाच गेला आणि वहिनीचे गुडघे तिला जिना उतरू देत नाहीत, त्यामुळं असल्या कामांना घरातून मला पुढं करतात. पुण्यात एका कारखान्यात दोघं कामाला असताना प्राजक्ताची आणि अमोलची ओळख झाली. मुलगा बिडकीनचा, शेतकरी घरातला. पुढं तो गावाजवळ म्हणून वाळूजच्या एका कंपनीत गेला, ही पुण्यातच राहिली, पण मनं बसायची ती बसली होती. आता घर बघायचं तेवढं राहिलं होतं. आमच्याकडं घर बघायला मुलगी जात नाही, थोरली माणसं जातात. प्राजक्ता म्हणाली, ‘राहायचं मला आहे, तर बघणार पण मीच.’ वहिनीनं निघताना माझ्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, ‘वन्सं, जरा जरी मनात पाल चुकचुकली तरी नाही म्हणून या. पोरीची समजूत मी घालीन.’ म्हणजे एका पोरीच्या आयुष्याचा शेवटचा शब्द माझ्या तोंडात घालून मला गाडीत बसवलं. प्रवासभर मला बॅगेपेक्षा त्याचंच ओझं झालं होतं.

माझ्याविषयी सांगायचं तर एवढंच, की एसटीच्या डेपोत कारकून म्हणून माझी नोकरी झाली. गाड्या मी कधी चालवल्या नाहीत, पण माझ्या खिडकीबाहेरच ड्रायव्हर एकमेकांच्या ताब्यात गाड्या द्यायचे, त्यामुळं गाड्यांची दुखणी रोज कानावर पडायची.

उस्मानपुरा

सोयरीक ठरायच्या आधी त्यांच्या घरी मुक्काम नको, म्हणून आम्ही उस्मानपुऱ्यात एका लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ, चहा मात्र बासुंदीच्या तोडीचा गोड. मी साखर कमी सांगितली तर पोऱ्या नव्हे, खुद्द मालक वर आला आणि काळजीनं विचारून गेला, ‘काय तब्येत बरी नाय का?’ इथं फिका चहा आजाऱ्यानंच प्यायचा असावा.

दुपारी दोघी जुन्या शहरात नान-खलिया खायला गेलो. प्राजक्तानं अमोलकडून त्याचं इतकं ऐकलं होतं, की तिथं जाणं म्हणजे सासरच्या पहिल्या पाहुण्याला भेटण्यासारखंच होतं. हळदीच्या रंगाचा, ताटाएवढा नान आणि वर तेलाचा लाल तवंग आलेलं मटण. आम्ही कोल्हापूरकडची माणसं. रश्श्याच्या बाबतीत आमच्याइतकं कुणाला कळत नाही, अशी आमची लहानपणापासूनची समजूत. मी भाकरीसारखा तुकडा मोडून नुसता बुडवला तर दुकानदार चाचांना राहवलं नाही. ‘खाला, ऐसा नक्को खाओ. नान तोडके सालन में डालो, जरा बैठने दो उसको.’ ऐकलं आणि खाल्लं. तांबडा रस्सा माझा पहिला तो पहिलाच, पण दुसऱ्या नंबरासाठी आता भांडण आहे.

संध्याकाळी लॉजवर बापू आले. बापू म्हणजे अमोलचे धाकटे काका. तिघा भावांतले थोरले नाना आणि मधले तात्या बिडकीनला असतात. तात्या अमोलचे वडील. बापूंचं उस्मानपुऱ्यात ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. माणूस मोठा बोलका आणि हसरा. उद्या सकाळी आपण स्वतः न्यायला येतो म्हणाले.

‘रिक्षा-बिक्षा काय बगू नका, आत्याबाई. मोठी गाडी घिऊन येतो. बसल्यावर कळंल तुमाला. पोटातलं पाणी हालायचं नाय.’

बिडकीनकडची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली तेव्हा तिघा भावांनी मिळून ही परदेशी गाडी घेतली होती. तिघांत एक? मला नवल वाटलं. आमच्याकडं तिघा भावांत एक खोरं टिकत नाही.

‘बारी लावलीय ना,’ बापू म्हणाले. ‘हिरीवर आमची बारी व्हती, तश्शीच. दोन दिस नानाचे, दोन तात्याचे, दोन माझे. सातव्या दिशी गाडी धुयाची आन् वट्ट्यावर बसून नुसती बगायची.’

ते गेल्यावर मी प्राजक्ताला म्हटलं, माणसं एकोप्याची दिसतात. मला खरंच बरं वाटलं होतं. विहिरीचं पाणी वाटून घेणारी माणसं भांडखोर नसतात, असा माझा हिशेब.

वाळूजचं गेट

सकाळी गाडी लॉजच्या दारात उभी राहिली आणि समोरच्या पोहेवाल्याकडचं गिऱ्हाईक हातातली प्लेट तशीच धरून बघत राहिलं. पांढरीशुभ्र, देवळाच्या गाभाऱ्यासारखी थंड आणि आतून तितकीच गप्प. दाराला मूठच सापडेना. मी दार चाचपत उभी राहिले, तेव्हा मूठ आपोआप बाहेर आली आणि मी दचकून मागं झाले. आत बसल्यावर कुठंतरी माझा हात लागला आणि सीटनं माझी पाठ रगडायला सुरुवात केली. मी ‘अगं आई!’ म्हणून ओरडले. प्राजक्ता हसून हसून खिडकीला टेकली. बापूंना मात्र अभिमान वाटला. ‘मालिश हाय ती. राहू द्या, राहू द्या.’

आधी वाळूजला जाऊन अमोलला घ्यायचं होतं. त्याची रात्रपाळी सुटायची वेळ होती. वाटेत बापू गाडीची कौतुकं सांगत होते आणि त्यातूनच हळूहळू तक्रारीही बाहेर पडत होत्या. स्टिअरिंगशेजारचा स्क्रीनचा पडदा मध्येच गोठतो. किल्ली खिशात असूनही गाडी कधी कधी मालकाला ओळखत नाही. थंडीत एक बाजू खाली बसते, बसकण मारलेल्या म्हशीसारखी, आणि मग तासाभरानं आपली आपण उठते. सर्व्हिसवाले फोनवरच सांगतात, ‘सेन्सर असंल, साहेब.’

‘एवढी महाग गाडी,’ बापू म्हणाले, ‘हिला काय व्हावंच कशापायी? आपल्या जुन्या जीपला कवा काय नाय झालं.’

‘झालं असेल,’ प्राजक्ता म्हणाली. ‘तुम्ही ते मोजलं नसेल.’ ती कारखान्यात माल तपासायचं काम करते. दोष शोधणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. ‘काका, जीपला काम एकच होतं, चालायचं. हिला मालिश करायचं, गाणं म्हणायचं, दार उघडायचं, थंड करायचं. जितकी कामं जास्त, तितकी दुखणी जास्त.’

बापू मोठ्यानं हसले. तेवढ्यात माझं लक्ष स्टिअरिंगमागच्या काट्या-दिव्यांच्या काचेकडं गेलं. तिथं एका कोपऱ्यात घोड्यावरच्या खंडोबाचं छोटं चित्र चिकटवलेलं होतं.

‘देव इतका खाली का लावलाय?’ मी विचारलं.

‘नानानं लावलाय. देवाची नजर पायजे ना रस्त्यावर.’

खंडोबाची रस्त्याकडं पाठ होती. गाडीत एक गोडसर वासही येत होता, गुळाचा पाक तळाला लागल्यासारखा. तो वास मी कुठंतरी घेतला होता, पण आठवेना. बापूंना विचारलं तर म्हणाले, सेंट हाय. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईनं नाक फार वापरू नये.

वाळूजच्या गेटवर पाळी बदलत होती. बसगाड्या भरून माणसं येत होती, तितकीच बाहेर पडत होती आणि त्यांच्यामधून मोटारसायकली सुया ओवल्यासारख्या निघत होत्या. डब्याची पिशवी खांद्याला लावलेला एक उंच, सावळा मुलगा डोळे चोळत आमच्याकडं आला आणि भर रस्त्यात वाकून माझ्या पाया पडला. प्राजक्ताकडं त्यानं बघितलंच नाही, इतक्या प्रयत्नानं बघितलं नाही की सगळ्यांना कळलं. मुलगा मला आवडला, हे तिथंच सांगून टाकते.

पैठण रस्ता

वाळूजहून आडवाटेनं आम्ही पैठण रस्त्याला लागलो. दोन्ही अंगांना कपाशी होती, शेवटच्या वेचणीची, आणि मधूनमधून मोसंबीच्या बागा. ज्वारी हुरड्यात आली होती. आमच्याकडं हिरवं म्हणजे ऊस. इथलं हिरवं विरळ आहे, त्यात काळी माती दिसत राहते आणि आभाळ फार मोठं वाटतं. मला ते आवडलं. चितेगाव मागं पडलं आणि गाडीत घंटा वाजली.

समोरचा सगळा पडदा लाल झाला. त्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, थंड हवा बंद पडली आणि गाडी आपणहून मंदावली.

‘काय म्हन्ती ही?’ बापूंनी विचारलं.

‘थांबा म्हणते,’ प्राजक्ता म्हणाली. ‘इंजिन तापलंय.’

बाभळीखाली गाडी उभी केली. बॉनेट उघडल्यावर वाफ आली आणि तिच्याबरोबर तो गोड वास. तेव्हा मला आठवलं. डेपोत रेडिएटरचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळून तापलेल्या गाडीवर पडलं की हाच वास यायचा. बापू घाईघाईनं पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायला निघाले. मी डेपोतल्यासारखी ओरडले, ‘हात लावू नका! वाफ तोंडावर येईल!’ त्यांनी हात मागं घेतला आणि नानांना फोन लावला. फोनमधून नानांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. कुणाला लागलं का, पाहुणे बरे आहेत का, यातलं काही नाही. पहिलाच प्रश्न होता, ‘कुनाच्या बारीत?’

‘बारी माझी हाय, नाना. पन तुमच्या बारीत व्हती तवाच...’ बापूंनी आमच्याकडं बघितलं आणि फोन घेऊन रस्त्याच्या पलीकडं गेले.

त्याच वेळी मागून मेंढरांचा कळप आला. पुढं धनगर, मागं त्याची बायको, आणि मध्ये संसार लादलेलं घोडं. नवरा मेंढरांबरोबर पुढं गेला. बाई आमच्यापाशी थांबली, घोड्यावरची कळशी उतरवली आणि न विचारता मला ओंजळीनं पाणी पाजलं.

‘काय झालं, बया?’

‘गाडी तापली.’

तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. ‘एवढी थोरली गाडी, आन् आधी सांगत नाय व्हय? आमचं घोडं बी दुखलं-खुपलं की चारा सोडतंय. लगीच कळतंय.’

अमोल तोवर एक शब्द बोलला नव्हता. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो वाकून गाडीत शिरला, नखानं खंडोबाचं चित्र सोलून काढलं आणि बाजूला झाला. चित्राखाली एक पिवळा दिवा लागलेला होता.

‘सांगतीय, मावशी,’ तो म्हणाला. ‘दिवाळीच्या आधीपासनं सांगतीय. आमीच तिच्या तोंडावर देव चिकटवला.’

धनगरीण हसली नाही. तिनं चित्राला हात लावून तो कपाळाला लावला, कळशी घोड्यावर चढवली आणि कळपामागं निघून गेली.

मग अमोलनं आम्हाला बारीचं उरलेलं अर्धं सांगितलं. विहिरीवर तिघा भावांचा एक कायदा होता. ज्याच्या बारीत पाण्याची मोटार जळेल, त्यानं तिचं वायंडिंग आपल्या खर्चानं भरून आणायचं. वाद नाही, पंचायत नाही. या एका कायद्यावर त्यांचं घर इतकी वर्षं एकत्र राहिलं होतं, कारण प्रत्येक जण आपल्या बारीत मोटारीला डोळ्यात तेल घालून जपायचा. तोच कायदा गाडीला लागला. पिवळा दिवा आधी नानांच्या बारीत दिसला. गाडी सर्व्हिसला नेली की दुखणं नानांच्या नावावर पडणार. नानांनी देव चिकटवला आणि ठरल्या दिवशी गाडी तात्यांकडं दिली. तात्यांनी दिवा बघितला, थोडं पाणी ओतलं आणि ती बापूंकडं दिली. बापूंनीही पाणी ओतलं. अशा किती बाऱ्या फिरल्या कोण जाणे.

‘घरात समद्यांना ठावं हाय,’ अमोल म्हणाला. ‘पन बोलत कुनी नाय.’

मी बाभळीखाली दगडावर बसले आणि विचार करत राहिले. तो कायदा वाईट नव्हता. पाण्याची मोटार जळते ती न सांगता जळते. तिला पिवळा दिवा नसतो, म्हणून तिच्यासाठी तो कायदा बरोबर. ही गाडी मात्र आधी सांगते. सांगणारं यंत्र आणि सांगेल त्याच्या गळ्यात दोष टाकणारा कायदा एका घरात आले आणि तीन शहाणी माणसं मुकी झाली. डेपोतले आमचे ड्रायव्हर काही संत नव्हते. पण गाडी दुसऱ्याच्या हाती देताना ‘क्लच सरकतोय’, ‘ब्रेक उजवीकडं ओढतोय’ एवढं सांगितल्याशिवाय घरी जायचे नाहीत. त्यांना त्या लाल डब्याकडून अपेक्षाच नव्हती म्हणा. बिघडणार हे धरूनच चाललेलं असायचं, त्यामुळं बिघाड सांगायची कुणाला लाज वाटत नसे. महाग वस्तूकडून आपण दोन गोष्टी मागतो. ती बिघडू नये, आणि बिघडलीच तर चारचौघांत कळू नये. दुसऱ्या मागणीपायी पहिली हातची जाते.

हे सगळं ठीक होतं. पण माझ्या मनात वहिनीची पाल जोरात चुकचुकत होती. जे घर दिव्यावर देव चिकटवतं, त्या घरानं आम्हाला अजून काय काय सांगितलं नसेल? प्राजक्ताही तोच विचार करत असणार. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या पदराचं टोक हातात घेऊन बराच वेळ गुंडाळत राहिली.

बिडकीन

गाडी ओढून न्यायची नाही, आतलं खराब होतं, म्हणून अमोलनं उचलून नेणारी गाडी बोलावली आणि बापू तिची वाट बघत थांबले. आम्हाला न्यायला तात्या ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉलीत सतरंजी अंथरली होती. मुलीकडची माणसं घर बघायला ट्रॉलीतून निघालेली मी तरी प्रथमच बघितली. एका खड्ड्यात माझी एक चप्पल उडून रस्त्यावर पडली, ती आणायला अमोल धावला. तात्यांनी वाटभर मान वळवली नाही. शरमेनं वळवली नाही की स्वभावच तसा, तेव्हा कळलं नव्हतं.

घर चांगलं होतं. पक्कं, उजेडाचं, समोर मोठं अंगण. अमोलच्या आईनं आमच्या पायांवर पाणी घातलं आणि हात धरून मला आत नेलं. तिचा हात मला खरा वाटला. नाना पांढऱ्या धोतरात ओसरीवर उभे होते. सगळ्या घराला त्यांच्या नुसत्या खाकरण्यातून हुकूम कळत असावा, असा माणूस.

‘या, या. पंक्चर झालं म्हनं वाटंत? रस्ते लई बेकार झालेत.’

‘व्हय, खिळेच लई,’ त्यांच्या बायकोनं दुजोरा दिला. अमोलच्या आईनं मान खाली घातली. तात्या हातपाय धुवायला निघून गेले. प्राजक्तानं अमोलकडं बघितलं. मघाशी रस्त्यावर अनोळखी बाईला खरं सांगणारा मुलगा आता खाली जमिनीकडं बघत उभा होता. थोरल्या चुलत्याला पाहुण्यांसमोर खोडून काढणं आमच्याकडंही कुणी करत नाही. मला ते समजत होतं. प्राजक्ताचा चेहरा मात्र उतरला.

उरलेल्या शेतात हुरड्याची तयारी होती. वसाहतीचं कुंपण तिथून दिसतं. कुंपणापलीकडं रुंद, मोकळे रस्ते आणि विजेचे नवे खांब, अलीकडं यांच्या ज्वारीचा तुकडा. गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, कणसं भाजून अमोलची आई ती हातावर चोळून गरम दाणे आमच्या पुढ्यात टाकत होती. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. असा गोड हुरडा मी जन्मात खाल्ला नव्हता. तोंडात दाणे विरघळत होते आणि मनात ‘नाही’ कसं म्हणायचं याची वाक्यं जुळत होती.

नाना खुलले होते. ‘आमच्या घरात समदं पक्कं असतंय, आत्याबाई. वस्तू घेतली तर एक नंबर. मानूस बी तसाच. पोरगं कंपनीत परमनंट हाय. पोरीला काय कमी पडायचं नाय.’

‘नाना,’ अमोल म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या हातात भाजलेलं कणीस होतं आणि ते त्याला चटके देत असणार, पण त्यानं ते खाली ठेवलं नाही.

‘नाना, पंक्चर नव्हतं. आन् मी परमनंट नाय. कंत्राटी हाय. कवा बी काढू शकत्यात. मी प्राजक्ताला बी हे सांगितलं नव्हतं. तुमी त्यांच्या घरी आधीच सांगून बसलाव, मंग मला तोंड उघडायचा धीर झाला नाय.’

नाना उठून उभे राहिले. ‘पाव्हन्यांम्होरं?’ एवढंच ते बोलले.

‘पाव्हन्यांम्होरंच सांगाय पायजे,’ तात्या म्हणाले. दिवसभरात ते पहिल्यांदा बोलत होते. ‘मागून सांगून काय उपेग, नाना? बोलू द्या त्याला.’

मला राग आला होता, तो मी लपवला नाही. मी म्हटलं, ‘नाना, तुम्ही थोरले आहात. पण माझ्या डेपोत ब्रेक गेलेली गाडी न सांगता दुसऱ्याच्या हातात दिली असती, तर त्या ड्रायव्हरला आम्ही पुन्हा गाडीवर बसू दिलं नसतं. ही तर माझ्या भावाची लेक आहे.’

नानांनी कुंपणाकडं बघितलं. ते माझ्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. पण ते पुन्हा खाली बसले आणि अगदी हळू बोलले.

‘आत्याबाई, वावर व्हतं तवा सोयरीक बगायला येनारा बांधावर हुभा राहायचा आन् काय बी न इचारता हा म्हनायचा. वावर कवा बिघडलं नाय. दुष्काळ पडला तरी जागच्या जागी व्हतं. आता ते गेलं. बांधावर हुभं करून दावायला काय ऱ्हायलं? ही गाडी, आन् पोराच्या नावाम्होरं एक शबुद. ती बी बंद पडली, ह्यो बी खोटा. मंग मी काय दावू तुमाला?’

राग कुठं गेला ते कळलं नाही, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं असं दाखवायची मला तरी गरज वाटली नाही. अमोलच्या आईनं नवं कणीस चोळलं आणि आधी नानांच्या हातावर दाणे दिले. ते त्यांनी निमूट खाल्ले.

निघताना नानांनी मला नमस्कार केला. ‘तुमी काय ठरवाल ते ठरवा. आमी राग धरनार नाय.’ अमोल आम्हाला मोटारसायकलवरून रस्त्यापर्यंत एकेकीला सोडायला आला. प्राजक्ताशी तो काय बोलला मला माहीत नाही. मी मुद्दाम मोसंबीच्या गाड्यापाशी भाव करत उभी राहिले आणि नको असताना दोन किलो घेतल्या.

परतताना

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. बाहेर कपाशी संपून डोंगर लागले होते. वहिनीला फोन करायचा होता आणि फोन हातात घेऊन मी तो पुन्हा पुन्हा पिशवीत टाकत होते. अनुभवानं पाहिलं तर ‘नाही’ म्हणणंच शहाणपणाचं होतं. मुलाची नोकरी कच्ची, घरानं खोटं सांगितलेलं, जमीन गेलेली. यातली एक गोष्टही कुणी आधी सांगितली असती, तर आम्ही गडहिंग्लजहून निघालोही नसतो. शेवटी मी प्राजक्ताला म्हटलं, ‘शेवटचा शब्द माझा आहे म्हणे. पण मला तो बोलवत नाही. तूच सांग, वहिनीला काय सांगू?’

ती मोसंबी सोलत होती. साल पूर्ण काढून तिनं अर्धी मोसंबी माझ्या हातावर ठेवली.

‘हो म्हणून सांग,’ ती म्हणाली. ‘आत्या, त्याची नोकरी जाईल. कदाचित लवकरच जाईल. पण ज्या दिवशी जायची शक्यता दिसेल, त्या दिवशी ती मला त्याच्या तोंडून कळेल.’

मी वहिनीला फोन लावला.